लोकप्रिय गाणी आणि श्रोत्यांचा कौल

लोकप्रिय गाण्यांविषयी ज्याला काहीच मत नाही, असा माणूस आपल्या देशात शोधूनही सापडावयाचा नाही. राजकारणावर अवाक्षर न काढणारे लोक मी पाहिले आहेत, क्रिकेटचा कंटाळा असणारेही पाहिले आहेत; परंतु ‘पूर्वीची गाणी काय गोड होती’ किंवा ‘पूर्वीची गाणी फार रडकी होती’ यांपैकी एकही वाक्य ज्याच्या तोंडून कधी निघाले नाही, असा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. ही मते पानाच्या दुकानावर जन्मतात आणि तेथेच संपतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हाती धरता येईल असे त्यांत फारसे काही उरत नाही. तथापि आपल्याकडे एक काळ असा येऊन गेला, की ज्यात सामान्य श्रोत्याचे गाण्याविषयीचे मत पोस्टकार्डावर लिहिले गेले, ते मोजले गेले आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता साऱ्या देशाला ऐकवले गेले. १९५२ साली सुरू झालेली ही मोजदाद १९६५ ते १९७० या वर्षांत ऐन बहरात होती. त्या पाच-सहा वर्षांतील गाणी आणि त्यांच्यावर श्रोत्यांनी दिलेला कौल यांविषयी मला आज बोलावयाचे आहे. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. ती गाणी मी ऐकली ती पुढे, दुसऱ्या पिढीचा श्रोता म्हणून. माझी मते त्या काळच्या पोस्टकार्डांशी जुळतीलच असे नाही.

या कहाणीचा आरंभ एका मराठी मंत्र्यापासून करावा लागतो. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतलेला हा विद्वान गृहस्थ शास्त्रोक्त संगीताचा जाणकार होता. देश स्वतंत्र झाला, संस्थाने गेली, गवयांचे आश्रयदाते गेले. आता त्यांची जागा शासनाने घ्यावयाची नाही तर कोणी, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो मुळीच चुकीचा नव्हता. २० जुलै १९५२ रोजी सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनचे आकाशवाणीचे संगीत संमेलन ही त्यांच्याच कारकीर्दीची देणगी होय. एरवी ज्यांना मैफलीच्या दारातही कोणी उभे केले नसते, अशा लाखो लोकांच्या घरात थोर गवयांचे सूर त्यामुळे पोहोचले. केसकरांवर टीका करताना हे विसरून चालणार नाही. पुष्कळ लोक विसरतात.

परंतु चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत अत्यंत प्रतिकूल होते. ती उथळ, उसन्या पाश्चात्त्य चालींवर बेतलेली आणि जनतेची अभिरुची बिघडवणारी आहेत, असे ते मानीत. नभोवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण घटवण्यात आले, गाण्यांची छाननी होऊ लागली. शिवाय गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते म्हणून ते गाळण्यात आले. निर्माते रागावले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. पाहता पाहता आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. त्याची जागा भरून काढण्यासाठी ठिकठिकाणच्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उघडण्यात आले. कवी, गायक आणि वादक यांना काम मिळाले. त्या प्रयत्नांतील बरेचसे गद्यप्राय होते, हे खरे. पण त्याच वातावरणात १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर चालले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत यांनी महाराष्ट्रातील घराघरांत असे काही घडवले की लोकांनी नभोवाणीच्या यंत्राला हार घातले, उदबत्त्या लावल्या. मंत्रिमहोदयांना जे अभिप्रेत होते ते एकदा तरी, एका भाषेत तरी, पुरेपूर साधले.

उरलेल्या देशाचे काय? उरलेल्या देशाने अर्ज केला नाही, निवेदन दिले नाही, मोर्चाही काढला नाही. त्याने फक्त यंत्राची खुंटी फिरवली. काही श्रोते गोव्याच्या पोर्तुगीज नभोवाणीकडे वळले. फार मोठा समुदाय सिलोनकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी कोलंबोजवळ शक्तिमान लघुलहरी प्रक्षेपक उभारलेला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारच्या हाती आला आणि १९५० साली रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. सैनिकांसाठी उभारलेल्या त्या यंत्रसामग्रीवरून आता दंतमंजनाच्या जाहिराती आणि हिंदी गाणी सबंध हिंदुस्थानावर बरसू लागली. दहापैकी नऊ घरांत सिलोन लागलेले असते आणि दहाव्या घरातले यंत्र बिघडलेले असते, असा विनोद त्या काळी रूढ होता. शासनाचा कारभार थोडाफार आतून पाहिलेला माणूस म्हणून मला या प्रकरणात एक गोष्ट विशेष वाटते. केसकरांची अभिरुची उच्च होती, हेतू शुद्ध होता, अधिकारही होता. श्रोत्याला विचारण्याची सोय मात्र त्या व्यवस्थेत कोठेच नव्हती. ज्याला कोणी विचारत नाही तो उठून शेजारच्या घरी जातो. आणि येथे तर शेजारी दार उघडून, दिवे लावून बसलेला होता.

३ डिसेंबर १९५२ रोजी त्या शेजाऱ्याने श्रोत्याला थेट प्रश्न विचारला. ‘बिनाका गीतमाला’ या नव्या कार्यक्रमात सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजवण्यात आली आणि ती लोकप्रियतेनुसार लावून पाठवा, बरोबर उत्तराला शंभर रुपये बक्षीस, असे जाहीर झाले. निवेदक होता विशीच्या उंबरठ्यावरचा एक मुंबईकर तरुण, अमीन सयानी. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली, असे सयानी सांगत असत. पुढे आठवड्याची संख्या साठ हजारांच्या वर गेली तेव्हा पत्रे उघडणे हेच एक स्वतंत्र खाते होऊन बसले. स्पर्धेचा प्रकार आवरता घेऊन १९५४च्या अखेरीस गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी सुरू करण्यात आली. एकेक ‘पायदान’ चढत जाणारे गाणे, वर्षअखेरीचे ‘सरताज’ गीत, हे शब्द ज्यांना हिंदीचा गंध नव्हता त्यांच्याही तोंडी बसले. गंमत अशी की गाणी मुंबईची, निवेदक मुंबईचा, ध्वनिमुद्रण मुंबईचे. फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन तो आवाज पुन्हा मुंबईस येई. इतका द्राविडी प्राणायाम करून ऐकलेल्या आवाजाची गोडी काही वेगळीच असावी.

गाणे लोकप्रिय आहे हे ठरवावयाचे कसे, हा प्रश्न मोठा चिवट होता. आरंभी मुख्य भर ध्वनिमुद्रिकांच्या खपावर होता. परंतु एखादे गाणे इतके उचलले जाई की दुकानांतील तबकड्या संपून जात; मग पुढच्या आठवड्यात खप शून्य, आणि सर्वांत लोकप्रिय गाणे यादीतून खाली! शिवाय तबकडी घेणारा तो तबकडी वाजवण्याचे यंत्र बाळगणारा, म्हणजे बरा पैसेवाला. निव्वळ पत्रे मोजावीत तर एकच उत्साही माणूस वीस नावांनी पत्रे टाकू शकतो. हा प्रकार मला अपरिचित नाही. एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने आणि एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह आलेले वीस नागरिकांचे वीस अर्ज सरकारी नोकरीत ज्याने पाहिले नाहीत असा अधिकारी विरळा. यावर तोड म्हणून गावोगावच्या ‘श्रोता संघां’ची मते खपाच्या जोडीला घेण्यात येऊ लागली. असे शेकडो संघ देशभर होते. त्यांना कायद्याने कसलाही अधिकार नव्हता. तरीही ते नियमाने बैठका घेत, चर्चा करीत, मते नोंदवीत आणि वेळेवर पाठवीत. पुष्कळ ग्रामपंचायतींनी त्यांचा हेवा करावा.

इकडे दिल्लीलाही उशिरा का होईना जाग आली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकर मंत्रिपदी असतानाच, ‘विविध भारती’ हा पंचरंगी कार्यक्रम सुरू झाला. त्याची धुरा पंडित नरेंद्र शर्मा या कवीकडे होती. चित्रपटगीत पुढल्या दाराने परत आले, फक्त अंगावर थोडी साहित्यिक उपरणी घेऊन. अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली आपला अहवाल दिला आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. जाहिरात घेणाऱ्याला आपले ऐकणारे किती हे सांगावे लागते. त्यामुळे श्रोत्याचे मत ही आता शासनालाही हवीशी वस्तू झाली. सिलोनची खरखर आणि मधूनच दूर जाणारा आवाज यांपुढे मध्यम लहरींवरील स्वच्छ प्रक्षेपण जवळच्या श्रोत्याला अधिक सुखाचे वाटू लागले. तरीही बुधवारी रात्री आठला खुंटी कोलंबोकडेच वळे.

आता त्या कौलाकडेच वळू. १९६६ सालचे सर्वांत लोकप्रिय गीत म्हणून ‘सूरज’ या चित्रपटातील महंमद रफी यांचे प्रेयसीच्या स्वागताचे गीत निवडले गेले. शब्द हसरत जयपुरी यांचे, संगीत शंकर-जयकिशन यांचे. शब्दांकडे पाहिले तर त्यांत उर्दू प्रेमकाव्याचे ठरावीक अलंकार आहेत, नवे असे काही नाही. सारी करामत चालीची आहे. शिवरंजनी हा राग आपल्याकडे करुणेसाठी राखून ठेवलेला. येथे तो लग्नमंडपाच्या कमानीसारखा सजवला आहे. तरीही त्या आनंदाच्या तळाशी एक हुरहूर राहते, आणि माझ्या मते त्या हुरहुरीमुळेच ते गाणे साठ वर्षे टिकले. त्यामागे व्हायोलिनांचा जो प्रचंड ताफा आहे, त्या परंपरेचे श्रेय बऱ्याच अंशी गोमंतकीय वादकांचे. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची मांडणी वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझा करीत, आणि त्यांच्या ठेक्याची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळीत. चर्चमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या गोव्याच्या मुलांनी हिंदी गाण्याला जो पाया दिला, त्याची नोंद तबकडीच्या कागदावर कधी झाली नाही. श्रोता संघांनाही त्यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वरातीच्या बँडवाल्यांनी मात्र ते गाणे तत्काळ ओळखले आणि जे उचलले ते आजतागायत खाली ठेवलेले नाही. शब्द काढून घेतले तरी उभी राहणारी चाल, हीच त्यांची कसोटी. आणि ती कसोटी माझ्या दृष्टीने कोणत्याही परीक्षकमंडळाच्या तोडीची आहे.

त्याच शंकर-जयकिशन यांनी त्याच वर्षी ‘तीसरी कसम’ला संगीत दिले. फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवरचा हा चित्रपट कवी शैलेंद्र यांनी पदरमोड करून काढला होता. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तिकीट खिडकीवर तो कोसळला. १४ डिसेंबर १९६६ रोजी शैलेंद्र वारले, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्या महिन्यात वर्षाची बेरीज झाली तेव्हा अग्रस्थान ‘सूरज’ला मिळाले. मी दोन्ही चित्रपटांची गाणी पुष्कळ वेळा ऐकली आहेत. ‘तीसरी कसम’ मधील गाडीवानाच्या तोंडची गाणी एकदा ऐकून सुटत नाहीत, ती माणसाबरोबर चालू लागतात. परंतु त्यांना वेळ लागतो आणि आठवड्याच्या मोजणीत वेळ हा नेमका मिळत नाही. श्रोत्यांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. त्यांना विचारलेला प्रश्न ‘या आठवड्यात काय आवडले’ हा होता आणि त्याचे उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिले.

१९६७ चा मान ‘मिलन’मधील श्रावणाच्या युगलगीताला मिळाला. गायक मुकेश आणि लता मंगेशकर. शब्द आनंद बक्षी यांचे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या तरुण जोडीचे. या गाण्यावर मला थोडे थांबावेसे वाटते. प्रसंग असा की एक अडाणी नावाडी सुशिक्षित, घरंदाज मुलीला गाणे शिकवीत आहे. ती वाऱ्याच्या आवाजाला शुद्ध ‘श’ वापरते. तो तिला थांबवतो आणि सांगतो की येथे ‘स’ म्हणावयाचा. शिक्षित उच्चाराची चूक अशिक्षिताने काढावयाची आणि तिने ती निमूटपणे मानावयाची! पडद्यावर ही शिकणारी मुलगी म्हणजे नूतन, शोभना समर्थांची कन्या. आणि कोठल्याही शाळेचे तोंड न पाहिलेला तिचा गुरू म्हणजे सुनील दत्त. पंधरा वर्षांपूर्वी ज्या देशात मंत्रालयातून अभिरुचीचे धडे दिले जात होते, त्याच देशाने एका नावाड्याच्या धड्याला पहिला क्रमांक दिला. असा अर्थ मनात धरून कोणी मत दिले असेल, असे मी मानीत नाही. त्यांना ती चाल आवडली, तो लडिवाळपणा आवडला. पण आवडीमागेही काही कारणे असतात. शहरात नोकरीसाठी आलेला, आपल्या गावच्या बोलीबद्दल कचेरीत संकोचणारा हजारो तरुणांचा वर्ग त्या काळी नभोवाणी ऐकत होता. त्याच्या कानांना ती दुरुस्ती किती सुखावून गेली असेल! मला स्वतःला हे त्या दशकाच्या उत्तरार्धातील सर्वांत चांगले ‘सरताज’ गीत वाटते. दोन अनुभवी गायकांनी शिकवणे आणि शिकणे यांचे नाटक इतके सहज केले आहे की त्यामागचा रियाज दिसतच नाही.

१९६८ चे अग्रस्थान ‘शागिर्द’मधील लताबाईंच्या एका अवखळ गीताला मिळाले. मजरूह सुलतानपुरींसारख्या पोक्त कवीने जोडशब्दांचा खेळ करून ते रचले आहे. ते तरतरीत आहे, लक्षात राहते, आणि त्यापलीकडे त्याच्याविषयी फार काही म्हणण्यासारखे मला सापडत नाही. त्याच वर्षीच्या ‘सरस्वतीचंद्र’च्या संगीताबद्दल कल्याणजी-आनंदजी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार संगीत दिग्दर्शनासाठी होता. एका बाजूस परीक्षकांचा निवाडा आणि दुसऱ्या बाजूस पोस्टकार्डांचा, असे येथे समोरासमोर मांडता येते. या एका खटल्यात मी परीक्षकांच्या बाजूचा आहे. गोवर्धनराम त्रिपाठींच्या कादंबरीतला संयम इंदीवर यांच्या शब्दांत आणि त्या चालींत उतरला आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या जमान्याला तो शेवटचा नमस्कार वाटतो.

१९६९ साली तर ‘इंतकाम’मधील, मद्यधुंद असल्याच्या आविर्भावात नायिकेने म्हटलेले गीत पहिले आले. आवाज पुन्हा लताबाईंचा. ज्या आवाजाला देशाने भजनांसाठी आणि शहीदांच्या स्मरणासाठी देव्हाऱ्यात बसवले होते, त्याच आवाजाने झोकांड्या घेतलेल्या ऐकून श्रोत्यांना गंमत वाटली असली पाहिजे. काही वडीलधाऱ्यांच्या भुवयाही चढल्या असतील. मला त्यात अभिनयाची हुशारी दिसते; गाणे म्हणून ते मध्यम आहे. १९७० मध्ये ‘दो रास्ते’मधील, पुन्हा लताबाईंचेच, गीत अग्रभागी राहिले. हा चित्रपट चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘निलांबरी’ या मराठी कादंबरीवरून घेतलेला, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते.

आता ही यादी एकत्र पाहिली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे डोळ्यांत भरते. १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षे अग्रस्थान लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीने घेतले, आणि चारही गाण्यांत आवाज लता मंगेशकर यांचा आहे. लक्ष्मीकांत कुडाळकर हे मुंबईच्या मराठी मुलखातले. प्यारेलाल शर्मा हे व्हायोलिन शिकले अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय गुरूकडे. व्हायोलिनांचा मेळ आणि ढोलकचा ठेका यांचे या जोडीने केलेले मिश्रण मैफलीच्या रसिकांना जाडेभरडे वाटे. ते होतेही. पण लहानशा यंत्रावर, खरखरीतून, चहाच्या दुकानातील गलबल्यातून पार होऊन कानावर पडेल असा ठेका त्यांना पक्का साधला होता. १९६० नंतर ट्रान्झिस्टर यंत्रे लोकांच्या हाती आली, नभोवाणी दिवाणखान्यातून शेताच्या बांधावर आणि बैलगाडीत गेली. उघड्यावर ऐकावयाचे गाणे आणि बंद खोलीत ऐकावयाचे गाणे यांत फरक पडावयाचाच. ‘हल्लीची गाणी ठोकळेबाज झाली’ ही त्या काळची तक्रार करणाऱ्यांनी गाणे कोठे ऐकले जाते हे पाहिलेले नव्हते. १९६९च्या उत्तरार्धात ‘आराधना’ आला, सचिनदेव बर्मन यांच्या चालींवर किशोरकुमार यांचा आवाज देशभर घुमला आणि वारे फिरले. वार्षिक यादीत त्याची खूण उमटावयास मात्र १९७१ उजाडले. त्या वर्षी ‘अंदाज’मधील किशोरकुमार यांच्या गीताने पहिला क्रमांक घेतला. संगीतकार होते शंकर-जयकिशन. आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला जयकिशन निवर्तले.

मराठी गाण्यांची अशी देशव्यापी मोजणी झाली नाही. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ या कार्यक्रमातून श्रोत्यांची पसंती कळे. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांचे ‘शुक्रतारा’ घ्या. साठच्या दशकाच्या आरंभी मुंबई केंद्रावर ते गाइले गेले आणि पुढे अनेक वर्षे ते मागणीवरून वाजत राहिले. अरुण दाते हे इंदूरचे. महाराष्ट्राबाहेर वाढलेला, उर्दू गझलेचे संस्कार घेतलेला एक आवाज महाराष्ट्राच्या भावगीताचा प्रतिनिधी व्हावा, यात बृहन्महाराष्ट्रातील आपणा सर्वांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत बुधवारी सिलोन आणि इतर दिवशी लघुलहरींवर मुंबईचा क्षीण आवाज, असा दुहेरी संसार चाले. तेथील मुलांना दोन भाषांतील गाणी सारखीच आपली वाटत.

मत कोण देत होते, हा प्रश्न मात्र उरतोच. फर्माइशी पाठवणाऱ्या गावांत सर्वांत प्रसिद्ध झुमरी तिलैया. ते गाव त्या वेळी बिहारच्या हजारीबाग जिल्ह्यात होते; आज ते झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात आहे. अभ्रकाच्या खाणींवर वाढलेल्या या लहान गावातून पत्रांचा असा पाऊस पडे की असे गाव खरोखर नसावे, निवेदकांनी गमतीने रचलेले असावे, अशी पुष्कळांची समजूत होती. छत्तीसगडमधील भाटापारा आणि राजनांदगाव यांचीही तीच ख्याती. तेथील तरुण एकमेकांशी स्पर्धा करीत. गाणे ऐकावयास मिळणे हा दुय्यम लाभ. आपले नाव, आपल्या गावाचे नाव कोलंबोहून उच्चारले जाणे हा खरा. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत अपघातावाचून यावयाचे नाही, त्या गावाचे नाव आठवड्यातून चार वेळा सबंध देशाने ऐकावे! या वेडाला हसणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

परंतु पत्र लिहावयास अक्षर यावे लागते. १९७१च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते आणि स्त्रियांचे सुमारे २२. म्हणजे गाणे ऐकणाऱ्या बहुसंख्य लोकांना मत नोंदवता येत नव्हते. गिरणीत जाणारा, शेतात निंदणारी, खाणीत उतरणारा, यांच्या मतांचा हिशेब कोणत्याही ‘पायदाना’वर नाही. तबकड्या घेणारे सधन, पत्रे लिहिणारे साक्षर, संघ चालवणारे उद्योगी. या तीन चाळण्यांतून खाली उतरले त्याला आपण लोकमत म्हटले. निंदणाऱ्या बाईला त्या चार वर्षांतली कोणती गाणी आवडत होती? तिच्या ओवीत कोणती चाल शिरली आणि कोणती तिने ऐकून सोडून दिली? याचा शोध घ्यावयाचा तर जुन्या याद्या उपयोगी पडणार नाहीत; लग्नाच्या बँडपथकांची, तमाशाच्या फडांची आणि भजनी मंडळांची स्मृती चाळावी लागेल. चित्रपटातील चालींवर अभंग आणि आरत्या म्हणण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. शुद्धतावाद्यांना ती खुपते. माझ्या मते ती या न मोजलेल्या श्रोत्यांची मतपत्रिका आहे. जी चाल देवापुढे म्हणावीशी वाटली, ती त्यांनी निवडली.

रेडिओ सिलोनचे ५ जानेवारी १९६७ रोजी सिलोन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झाले आणि हळूहळू त्याच्या हिंदी सेवेचा बहर ओसरला. गीतमाला मात्र चालू राहिली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी वारले, तेव्हा त्यांचा आवाज ऐकत वाढलेल्या तीन पिढ्यांनी त्यांची आठवण काढली. १९८९ साली त्यांचा तो कार्यक्रम, गाण्यांची क्रमवारी आणि चित्रपटांची नावे यांसह, आकाशवाणीच्याच विविध भारतीवरून ऐकू येऊ लागला. डॉ. केसकर त्या वेळी हयात नव्हते.